दामदुपट की दामदुप्पट? अर्थ नक्की काय?

पेपरात 'दामदुप्पटचं आमिष दाखवून गंडा' अशा बातम्या नेहमीच येतात, पण घरातल्या जुन्या दाव्याच्या कागदात कर्जदारानेच 'दामदुपट लागू करावी' अशी मागणी केलीय. कर्जदार स्वतःहून दुप्पट कशाला द्यायला जाईल?

– तो दुप्पट द्यायला तयार नाहीये, दुप्पटच्या वर देणार नाही म्हणतोय! दामदुपट म्हणजे सावकाराला लावलेली मर्यादा, थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. समजा ५०० रुपये दरसाल १२ टक्क्यांनी घेतले आणि एक पैसाही फेडला नाही, तर ८ वर्षं ४ महिन्यांत व्याज ५०० होतं आणि तिथेच थांबतं, मग दावा विसाव्या वर्षी लावला तरी हजाराच्या वर मागता येत नाही. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरची जुनी बंधनं उठवली तेव्हा सावकारांना वाटलं आता हेही गेलं, पण मुंबई हायकोर्टाने १८६३ साली धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र या खटल्यात दामदुपट कायम असल्याचं सांगितलं. कोर्ट सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, आणि माझ्या मते कर्जदारांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा होता. दर काय ठरवायचा तो ठरवा, पण साचलेलं व्याज मुद्दलाच्या पुढे जाणार नाही. फक्त पुढच्या निकालांत कर्जदार हिंदू असला तरच हा नियम, असं धरलं गेलं.

– आणि अधूनमधून व्याज भरत राहिलं तर?

– तर भरलेलं सगळं व्याज मिळून मुद्दलाच्या वर जाऊ शकतं, कारण मर्यादा एका वेळच्या थकबाकीला आहे. हा नियम मूळ हिंदू धर्मशास्त्रातला, मनुस्मृतीतला त्याचा शब्दच 'सकृदाहृता' आहे, म्हणजे एकदम घेतलेली वाढ. सावकारांची खरी पळवाट वेगळीच, व्याज थकलं की मुद्दल अधिक व्याज अशा रकमेचं नवं खत (कर्जाचा लेखी करार) लिहून घ्यायचं, मग ती सगळी रक्कम मुद्दल धरली जायची आणि दुपटीची मोजणी तिथून पुन्हा सुरू. जुने कागद वाचताना खत पहिलं आहे की बदललेलं ते आधी बघा.

– म्हणजे ऋणकोचं संरक्षण करणारा शब्द आता फसव्या स्कीमवाल्यांच्या तोंडी गेला, वाईट वाटतं. मी तरी कायद्याच्या अर्थाने 'दामदुपट' असंच लिहीन.