पहिल्या २०० किमी ब्रेव्हेसाठी सायकलमध्ये आधी काय बदलू?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. तीन महिन्यांनी पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. मुदत साडेतेरा तास. आजवर एका दिवसात जास्तीत जास्त ११० किमी झालेत.

सायकल: २०१९ मध्ये घेतलेली अ‍ॅल्युमिनियमची रोडबाइक, फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) कार्बनचा. गियर शिमानो १०५ (आर७०००), पुढच्या चक्रांना ५०/३४ दाते, मागच्यांना ११-२८. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर लागणारे), २५ मिमीचे टायर. सीट सायकलबरोबर आली तीच. माझं वजन ६८ किलो, सायकल ९ किलो, सामान ३ किलो धरा.

त्रास दोन. ८० किमीच्या पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, दोन्ही हातांचं. आणि लांब चढावर पायांत काही उरत नाही, केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ५० च्या खाली जातो.

कार्बनच्या चाकांसाठी वर्षभर पैसे साठवलेत. घेऊ का? की तेच पैसे दुसरीकडे लावू? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं.

प्रतिसाद १

चाकं आत्ता नकोत. हिशोब करून बघा. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८० किलो. चाकं बदलून अर्धा किलो वाचला असं धरू. तो एकूण वजनाच्या जेमतेम ०.६ टक्के होतो. तासभराच्या चढावर वीस-बावीस सेकंद वाचतील. बोटं बधिर होऊन तुम्ही रस्त्याकडेला उभ्या राहिलात तर पाच मिनिटं सहज जातात.

प्रतिसाद २

माझ्याकडे ५० मिमी खोल रिमची कार्बनची चाकं आहेत आणि ती मला मनापासून आवडतात, म्हणून बोलतो. सपाटीवर ताशी ३२-३५ च्या वेगाला त्यांचा उपयोग जाणवतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पण २०० किमी साडेतेरा तासांत म्हणजे थांबे धरून ताशी १४.८ ची सरासरी. त्या वेगाला खोल रिमचा फायदा फारच थोडा. शिवाय तुमचे ब्रेक रिमवरचे. ओल्या कार्बन रिमवर ब्रेक लागायला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा वेळ लागतो आणि पॅडही वेगळे लागतात. बाजूचा वारा सुटला की पुढचं चाक ओढ घेतं. नवव्या तासाला, खांदे गळालेले असताना, ते सांभाळणं नको वाटतं. पुढे वेगाची हौस आली तर जरूर घ्या, छान वस्तू आहे.

प्रतिसाद ३

चढाचं दुखणं मागच्या कॅसेटमध्ये (दात्यांच्या चक्रांच्या संचात) आहे. ३४/२८ ला पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर जाते. मागे ३४ दात्यांचं चक्र आलं की ३४/३४, म्हणजे एका फेऱ्यात २.१ मीटर. ताशी ९ किमीने चढताना आज तुमचा केडन्स ६० पडत असेल, तर तेवढ्याच वेगाला तो ७३ होईल. ताकद तेवढीच लागते, पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येणारा दाब कमी होतो. लांब पल्ल्याला हाच फरक पायांत शिल्लक राहतो.

११-३४ बसवा. माझं पहिलं मत हेच आणि शेवटचंही हेच.

धागाकर्ती

माझा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ घेईल का?

प्रतिसाद ३

डिरेलरच्या मागच्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, फडक्याने पुसून बघा. आर७००० चे दोन प्रकार आहेत. एसएस म्हणजे आखूड केज (डिरेलरचा चेन ताणून धरणारा दांडा), त्याला मोठ्यात मोठं चक्र ३० दात्यांचं. जीएस म्हणजे लांब केज, तो ३४ पर्यंत घेतो. ११-२८ वर बहुधा एसएसच असतो, तसं असेल तर डिरेलरही बदलावा लागेल. दोन्ही मिळूनही कार्बनच्या चाकांच्या मानाने खर्च किरकोळ आहे. चेन मात्र नवीन घ्या. जुनी आखूड पडेल, आणि झिजलेल्या चेनने नवी कॅसेट लवकर खराब होते. ११ गियरच्या चेनची झीज ०.५ टक्क्याला पोचली की ती बदलायची, हे मोजायचं छोटं माप मिळतं, घरात असू द्या.

प्रतिसाद ४

ताई, करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दाबली जातेय. मला दोन वर्षं हाच त्रास होता. जाड हातमोजे घेतले, जेलचे घेतले, हँडलवर दुहेरी टेप गुंडाळली. फरक पडला, पण थोडाच. खरं कारण सीटमध्ये निघालं.

सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. दिसायला अगदी थोडं. पण तेवढ्यानेही शरीर सारखं पुढे घसरतं आणि ते रोखायचं काम दोन्ही तळहात करत बसतात. सायकल सपाट जागी उभी करा, सीटवर एक सरळ पट्टी ठेवा आणि वर फोनमधलं लेव्हल ठेवून बघा. झुकलेली असेल तर आडव्या रेषेत आणा.

मग उंची. चप्पल-बूट काढून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल पार खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. बदल करायच्या आधी सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) फ्रेमच्या काठाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, म्हणजे परत जुन्या जागी यायचं झालं तर खूण हाताशी असते. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, ती पण तीन-चार मिलिमीटर. मग दोन राइड करायच्या. मी एकाच संध्याकाळी उंची, झुकाव आणि स्टेम (हँडल धरणारा आडवा दांडा) असं तिन्ही बदललं होतं. पाठ धरली तेव्हा कशामुळे धरली तेच कळेना.

एवढं करूनही बधिरपणा राहिला तरच आखूड स्टेम बघा. स्टेमचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) आवळा. बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर असतं, पण स्टेमवर छापलेला आकडा पाळायचा. तुमचा फोर्क कार्बनचा आहे, अंदाजाने आवळू नका.

प्रतिसाद ५

लांब पल्ल्याला चामड्याची ब्रूक्स बी१७. मुरायला वेळ लागतो, पण एकदा मुरली की दुसरी नको वाटते.

प्रतिसाद ४

आदर आहे, पण तीन महिन्यांवर ब्रेव्हे असताना चामड्याची सीट सुरू करू नये. आधी बैठकीच्या हाडांमधलं अंतर मोजा. पन्हळी पुठ्ठ्यावर जरा पुढे वाकून बसा, दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर घ्या. सीटची रुंदी त्याहून जास्त हवी. आत्ताची सीट तेवढी रुंद असेल आणि टोचत नसेल तर ती बदलूच नका.

प्रतिसाद ६

टायरबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी. २५ चे काढून २८ मिमी घाला. बाजूवर २८-६२२ लिहिलेलं बघून घ्या. त्याआधी ब्रेकच्या कमानीखाली आणि फोर्कमध्ये जागा आहे का ते तपासा, कारण काही रिम ब्रेकच्या सायकलींत २८ घासतो. हवा १०० पीएसआय भरायची सवय सोडा. तुमच्या वजनाला २८ मिमीत मागे ७० आणि पुढे ६५ च्या आसपास सुरुवात करा. खडबडीत रस्त्यावर टणक टायर अंग हलवत राहतो आणि ती थरथर तुमच्या त्या बोटांपर्यंत पोचते.

टायर कोणता? कॉन्टिनेंटल जीपी ५००० वेगाला चांगला, लवचिक. पंक्चरची धास्ती जास्त असेल तर गेटरस्किन, पण तो चालवायला जड वाटतो. मी जीपीच वापरतो.

आणि टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेमकं व्हॉल्व्हपाशी आणा. हे शोभेसाठी नाही. एका राइडला मला चाळीस मिनिटांत तीन पंक्चर झाले. दर वेळी ट्यूब बदलत होतो, आणि टायरच्या आतून बोट फिरवूनही काही लागत नव्हतं. तिसऱ्या वेळी ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते मोजलं आणि टायरवर तीच जागा धरली. तरी दिसेना. मग पिशवीतला कापूस आतून फिरवला, तेव्हा एक तंतू अडकला. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली पोलादी तार होती, केसाएवढी बारीक, आतल्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर आलेली. चिमट्याने ओढून काढली. तेव्हापासून चिमटा आणि कापूस कायम सोबत असतो.

ट्यूबलेसच्या फंदात या ब्रेव्हेआधी पडू नका.

प्रतिसाद २

दिवेही आत्ताच घ्या. पहाटे निघालात तर सुरुवात अंधारात आणि शेवटही अंधारात. ल्युमेनचा मोठा आकडा बघून भुलू नका, मधल्या प्रकाशावर बॅटरी किती तास चालते ते बघा. मागे दोन लाल दिवे, वेगवेगळ्या बॅटरीचे. लुकलुकते नको, स्थिर ठेवा. मागून येणाऱ्याला त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

धागाकर्ती

पाच आठवड्यांनी लिहितेय. चाकांचा विचार बाजूला ठेवला. डिरेलर एसएसच निघाला. जीएस, ११-३४ आणि नवी चेन बसवली. टायर २८ मिमी, मागच्या ब्रेकखाली जेमतेम बसला. सीटचं नाक जवळपास तीन अंश खाली होतं, ते सरळ केलं. उंची दोन टप्प्यांत ७ मिमी वाढवली.

परवा १४० किमी झाले. नेहमीच्या चढावर केडन्स ६५ च्या खाली गेला नाही. वर पोचल्यावर थांबावंसं वाटलं नाही, हे पहिल्यांदाच. उजव्या हाताची बोटं पूर्ण ठीक आहेत. डावी करंगळी १२० नंतर थोडी मुंग्या आल्यासारखी झाली. प्रतिसाद ४, तुमचे खूप आभार. आता काय करू?

प्रतिसाद ४

वा! फार बरं वाटलं वाचून. एकाच हाताला राहिलंय तर डावा ब्रेक लिव्हर उजव्यापेक्षा आत वळलाय का, किंवा खाली बसवलाय का ते बघा. दोन्हींवर एक पट्टी आडवी टेकवली की लगेच कळतं. आणि दर पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदला: वर, लिव्हरवर, खाली. लक्षात राहत नसेल तर सायकल कॉम्प्युटरवर गजर लावा.

प्रतिसाद ६

जादा ट्यूब दोन घ्या, आणि अवजारांच्या पिशवीत सुट्या टाकू नका. पान्याला घासून घासून त्यांना आतल्या आत भोक पडतं आणि ते ऐन वेळी कळतं. जुन्या मोज्यात घालून ठेवा.