नुसतं सूप नको, मांसही द्या
वर एका ताईंनी विचारलंय, आठ महिन्यांच्या बाळाला स्लो कुकरमधलं (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातलं) मांस चालेल का, आणि कुणीतरी "नुसतं सूप पाजा" असं सुचवलंय. मला ते पटत नाही. लोह मांसातच राहतं, पाण्यात फार थोडं उतरतं, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला वरच्या अन्नातून लोह मिळायलाच हवं.

मी छोट्या स्लो कुकरात पाव किलो बोनलेस चिकन, एक गाजर, लाल भोपळ्याची फोड आणि बुडेल इतकं पाणी घालून 'लो'वर सहा तास ठेवते. मीठ अजिबात नाही. फ्रीझरमधलं मांस थेट टाकू नका, आधी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. शिजल्यावर सगळं बोटांनी चुरडून बघते. एकदा 'बोनलेस'मध्येही नखाएवढं हाडकाचं टोक हाताला लागलं, तेव्हापासून ही सवय सोडलेली नाही. मग त्याच पाण्यासकट मिक्सरला लावते.

आमच्याकडे इंदिरानगरला पावसाळ्यात वीज जाते, म्हणून घरी असतानाच कुकर लावते. आपण बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळलं नाही, तर ते बाळाला देऊच नका, टाकून द्या. तयार झालेलं फ्रिजमध्ये एकच दिवस ठेवते, उरलेलं लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये.