शेळी नव्हे, बकरी

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. गडहिंग्लजला आजीच्या माहेरचे जुने घर उतरवताना पत्र्याच्या डब्यात काही पोस्टकार्डे सापडली, त्यांपैकी एकाचा फोटो जोडत आहे. हे कार्ड मंगळवार पेठेतल्या सासरहून गेलेले असून मजकूर आजीच्या सासऱ्यांच्या हातचा आहे. पाऊस बरा झाला, वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, इतकेच त्यात आहे. मात्र कडेला आजीने शाईने चित्रांच्या ओळी काढल्या आहेत आणि काही चित्रांखाली एकेक अक्षर लिहून त्यावर काट मारली आहे. क्रम असा : ताटलीतला पांढरा ढीग (ठ खोडलेला), शेळी (क खोडलेला), ‘आहे’, दिवा, झारी घेतलेला माणूस (मा खोडलेला), ‘ला’, दोन दारे (दोन्हींखाली र खोडलेला), ‘ला’, पाठमोरा माणूस, मांजर (घ खोडलेला) आणि शेवटी एक फूल. आजीला विचारले, तर “तुम्हीच लावा की,” म्हणून ती हसत बसली.

सी-४०४ : ढीग साखरेचा दिसतो. गोड बातमी असणार!

ए-१०१ : काकू, साखरेत ठ कुठून आणायचा? अशा कोड्यात चित्राचा अर्थ पाहायचा नसतो, त्याचे नाव मोठ्याने उच्चारायचे असते. इंग्रजीत डोळा काढला की ‘आय’, म्हणजे मी. आणि हरणापुढे मुंगी काढली की ‘डिअर आंट’, म्हणजे प्रिय मावशी. लुईस कॅरोल लहान मुलांना अशी चित्रपत्रे पाठवत असत. फार मागे जायचे तर इजिप्तच्या नारमेर राजाचे नावही एक मासा आणि एक छिन्नी काढूनच लिहिलेले आहे, कारण त्या दोन वस्तूंच्या नावांचे उच्चार जोडले की राजाचे नाव होते. माझ्या मते आपल्या लिपीत हा खेळ अधिक सफाईने जमतो. आपले अक्षर म्हणजे बोलण्यातला एक पुरा तुकडा असल्यामुळे ते कापले तरी उरलेला शब्द विद्रूप होत नाही.

बी-३०२ : मग ठ असलेला पांढरा ढीग पिठाचा.

ए-१०१ : पीठ किंवा मीठ. ठ काढल्यावर ‘पी’ किंवा ‘मी’ उरतो. पत्राची सुरुवात कशाने होईल, हे तुम्हीच ठरवा.

सी-४०४ : मी! पण ‘शेळी’त क नाही. आमच्याकडे तिला शेळीच म्हणतात, त्यामुळे मी अडले आहे.

सी-२०३ : बकरी म्हणा, काकू. क गेला की ‘बरी’. मी बरी आहे.

बी-१०३ : टपाल खात्यात नोकरी केल्यामुळे एक भर घालतो. कार्डावर छापलेल्या तिकिटाची किंमत नये पैशांत आहे. हे नाव १९५७ ते १९६४ एवढ्याच काळात चालले, त्यामुळे कार्ड त्या सुमाराचे असावे. अर्थात शिल्लक कार्ड कोणी नंतरही वापरू शकतो. पत्त्यात पिनकोड नाही, पण तो १९७२ साली आला, तेव्हा त्यावरून फारसे काही ठरत नाही. विलायतेत प्रेमी मंडळी तिकीट तिरके चिकटवून खुणा करीत. आपल्या कार्डावर तिकीट छापलेलेच असल्यामुळे ती सोय नव्हती. उघडे कार्ड वाटेत कोणीही वाचू शकते आणि इथे तर लिहिणारे सासरेच होते, म्हणून आजींनी कडेची जागा धरली असावी.

सी-२०३ : झारीवाला माळी आहे. मा काढून दिव्याला जोडला की दिवाळी, म्हणजे दिवाळीला. दोन दारांतला र गेला की दादा.

सी-४०४ : आणि ते मांजर नसून वाघ आहे! घ गेला की ‘वा’ उरतो. आजी, रागावू नका, पण मिशांखेरीज त्यात वाघाचे काहीच नाही.

ए-१०१ : पाठमोऱ्या माणसाची फक्त पाठ घ्यायची. ‘मी बरी आहे. दिवाळीला दादाला पाठवा.’ आता राहिले फूल.

सी-२०३ : झेंडू असेल तर दसऱ्याचा काही निरोप?

सी-४०४ : पाकळ्या सात आहेत, म्हणजे सातव्या दिवशी या, असे असेल.

ए-१०१ : त्याखाली खोडलेले अक्षर नाही, तेव्हा पूर्ण नाव घ्यावे लागेल. ‘जाई’ घेतले तर ‘जाईन’ असे काही सुचवायचे होते का, हे पाहावे लागेल.

बी-३०२ : दोन तास झाले म्हणून सर्व संदेश आजीला वाचून दाखवले. दादा खरोखर आला होता, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, एस.टी.ने. त्याला कोडे सुटले नव्हते; आईने चुलीपाशी बसून सोडवले आणि त्याला धाडले. वाघाबद्दल सी-४०४ च्या काकूंवर आजी रागावली आहे. आणि फूल हे कोडे नाही. शाईचा डाग पडला होता, सासरे ओरडतील म्हणून तिने त्याला पाकळ्या काढल्या.