कस्टर्डची लेअरवाली पेस्ट्री घरी करायचीये, अंड्याशिवाय जमेल का? (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सासूबाईंचा ७५ वा वाढदिवस आहे, घरचीच दहा-बारा माणसं आहेत आणि केक नको असं त्या स्वतःच म्हणाल्यात. त्यांना ती पापुद्र्यांची खुसखुशीत पेस्ट्री फार आवडते, मधे पिवळं घट्ट कस्टर्ड असतं ती, कुणी नेपोलियन म्हणतं कुणी मिल फॉय. पण बाहेरच्या कस्टर्डमध्ये अंडं असण्याची शक्यता खूप आणि त्या अंडं अजिबात खात नाहीत, म्हणून घरीच करायचं ठरवलंय. ओटीजी आहे, नानकटाई, केक हे नेहमी करते, पफ पेस्ट्रीला मात्र अजून हात लावला नाहीये.

शीट विकत आणू की घरी लाटू? कस्टर्ड पावडर चालेल का, की नकली चव येईल? आणि मुख्य म्हणजे शनिवारीच करून ठेवता येईल का, कारण रविवारी सकाळी घरी सत्यनारायण आहे आणि लगेच जेवणं. वर द्राक्षं लावायचीयेत, मामेसासरे दिंडोरीहून पेटी पाठवतायत. जाणकारांनी सांगा प्लीज.

खमंग_नाशिक

ताई, जमेल, अगदी छान जमेल. आधी कस्टर्ड पावडरचं सांगतो कारण लोक उगाच तिला नावं ठेवतात. ती पावडर निघालीच मुळी अंडं न चालणाऱ्या माणसासाठी. १८३७ साली बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने केली, त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही म्हणून. आत काय असतं तर कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. त्यामुळे मनात काही आणू नका, फक्त फ्रूट कस्टर्डला घेतो तेवढ्या पावडरने भागणार नाही, ते वाहतं. अर्धा लिटर फुल क्रीम दुधाला चार मोठे चमचे भरून पावडर, पाच चमचे साखर, शेवटी एक चमचा बटर. पावडर गार दुधातच कालवायची, गरम दुधात टाकली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

दूध उकळलं की गॅस बारीक करून ते मिश्रण धार धरून सोडा आणि हात थांबवू नका, तळाला लगेच लागतं. घट्ट झालं की लोक गॅस बंद करतात, तिथे घाई नको. फट् फट् करत जाड बुडबुडे फुटायला लागले की त्यानंतर अजून एक-दीड मिनिट ढवळा, म्हणजे कच्च्या पिठाची चव जाते आणि कस्टर्ड नीट सेट होतं. पातेल्याच्या तळावरून चमचा ओढला तर मागे रस्ता राहिला पाहिजे, लगेच बुजला तर अजून वेळ आहे. मग ताटात पसरून वर प्लास्टिकची फिल्म थेट कस्टर्डला चिकटवून लावा, मधे हवा राहिली की साय धरते आणि ती साय नंतर कितीही फेटली तरी तुकडे राहतात.

शीट विकतच आणा असं माझं मत. पहिल्यांदा करताय, त्यात घरात पूजा. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे फ्रोझन माल ठेवणाऱ्या दुकानांत किंवा बेकिंगचं सामान मिळतं तिथे विचारा, आधी फोन करून जा. पाकिटावरचे घटक वाचून घ्या. आणल्यावर बाहेर ओट्यावर नको, फ्रिजमध्ये रात्रभर सोडा.

भाजताना दोन गोष्टी. काट्याने सगळीकडे टोचे मारायचे, आणि वर बटर पेपर ठेवून त्यावर दुसरा ट्रे ठेवायचा. पफ पेस्ट्री वाफेवर फुगते, पीठ आणि बटरमधल्या पाण्याची वाफ पापुद्रे उचलते, आणि मोकळं सोडलं तर ती उशीसारखी फुगेल, त्यावर थर रचता येत नाहीत. २०० डिग्रीला साधारण वीस मिनिटं, मग वरचा ट्रे काढून पिठीसाखर भुरभुरवा आणि परत पाच-सात मिनिटं. साखर वितळून चकचकीत होते, तो थर कस्टर्डचा ओलावा थोडा वेळ तरी अडवतो. रंग चांगला तांबूस पाहिजे, फिकट पिवळी काढली तर आतली पानं कच्ची आणि चिकट राहतात. उलटून खालची बाजू बघा, तिथेही तोच रंग हवा.

पंचवटीच्या काकू

अगं शीट मिळाली नाही तरी अडून बसू नकोस, दिवाळीत चिरोटे करतेस ना? साटा लावून पापुद्रे कसे सुटतात ते हाताला माहीत असलं की यात भिण्यासारखं काही नाही. फरक एवढाच की साट्यात तूप असतं, तुपात पाणी नाही, इथे थंडगार बटर हवं. पाव किलो मैदा, दोनशे ग्रॅम बटरचे बोराएवढे तुकडे, लिंबाचे चार थेंब आणि बर्फाचं पाणी लागेल तसं. बटर मळून एकजीव करायचं नाही, तुकडे दिसले पाहिजेत. लांबट लाटायचं, पत्रासारखी तीन घडी घालायची, अर्धा तास फ्रिजमध्ये, परत लाटायचं. असं चार वेळा केलं की एक्क्याऐंशी थर झाले, बेकरीवाले सहा वेळा करतात, ७२९ होतात, आपल्याला घरी चारात काम भागतं. आत्ता फेब्रुवारीत सकाळी ओटा थंड असतो तेव्हाच लाटून घे, दुपारी बटर पाघळतं. एप्रिल-मे असता तर मीच नको म्हटलं असतं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. कस्टर्ड चाखलेला चमचा परत पातेल्यात घालायचा नाही. उष्टं म्हणून तर नाहीच, पण लाळेने पिठाचं पाणी होतं. रात्री घट्ट दिसणारं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं असतं आणि दोष पावडरीला जातो. घरात लहान मुलं असतील तर पातेलं झाकून वरच्या कप्प्यात ठेव बाई.

शनिवारी करून ठेवण्याचं म्हणशील तर तू आधी ठरव कशी हवीये, कुरकुरीत की मऊ. रशियात नेपोलियनचा केक मुद्दाम रात्रभर मुरवतात, पापुद्रे कस्टर्ड पितात आणि सुरीने लोण्यासारखा कापला जातो. पंच्याहत्तरीच्या बाईंचे दात कसे आहेत ते तुला माहीत. मला विचारशील तर मुरलेलीच जास्त छान लागते.

खमंग_नाशिक

काकूंचा मान राखून सांगतो, मुरवलेली वेगळी गोष्ट आहे पण ताईंनी पहिल्याच ओळीत खुसखुशीत लिहिलंय. सासूबाईंना तो कुर्रम आवाजच आवडत असेल तर मुरवून काय उपयोग. शनिवारी शीट भाजून पूर्ण गार करून हवाबंद डब्यात, कस्टर्ड फ्रिजमध्ये, आणि रविवारी जेवायला बसायच्या आधी रचायचं. फार तर दोन तास आधी, त्याहून जास्त नाही. शीट रात्रीत मऊ वाटली तर १६० ला पाच मिनिटं गरम करून गार करा, परत कडक होते.

निफाडकर

द्राक्षांचं मी सांगतो, आमचा बागेचाच धंदा आहे. मधल्या थरात द्राक्षं घालूच नका, चिरलेलं द्राक्ष पाणी सोडतं आणि खालचा पापुद्रा भिजतो. वरच लावा आणि वाढायच्या वेळी. पेटी आली की आधी खायच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, फवारणीचा माल असतो, आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. सोनाका असेल तर लांबट असतं, उभं चिरून छान बसतं, चिरलेली बाजू थोडा वेळ कागदावर उपडी ठेवायची. थॉम्पसन आणि काळं शरद आलटून पालटून लावलं तर दिसायलाही झकास. एक मात्र बघा, कस्टर्ड गोड आणि द्राक्षंही गोड, म्हणून पेटीतली जरा आंबटसर निघालेली यासाठी बाजूला काढा. किंवा सापुताऱ्याकडून कुणी येत असेल तर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मागवा, आत्ता रस्त्याच्या कडेने विकायला असते, तिचा आंबटपणा या कस्टर्डला फार शोभतो.

शीटची भानगडच नको असेल तर बेकरीतली ताजी खारी घ्या. तीही पफ पेस्ट्रीच की. जिरं नसलेली घ्यायची, आडवी अलगद फोडायची, ओव्हनमध्ये गरम करून घ्यायची आणि चौकोनी डब्यात चिकटून चिकटून मांडायची. थोडं मीठ असतं पण कस्टर्डबरोबर ते चांगलंच लागतं. मात्र खारी शीटपेक्षा लवकर भिजते, हे लक्षात ठेवा.

इंदिरानगरकर

खूप खूप आभार सगळ्यांचे! काकू, दात उत्तम आहेत त्यांचे, अजून चकली खातात, त्यामुळे खुसखुशीतच करते :) शीट विकत आणायचं ठरलं, मिळाली नाही तर तुमच्या पद्धतीने शुक्रवारी लाटेन. दोनच शंका. नुसतं कस्टर्ड जड वाटेल का, त्यात क्रीम फेटून घालू का, घरात नेहमीचं फ्रेश क्रीम आहे. आणि कापताना सगळं कस्टर्ड बाजूने बाहेर येतं त्याला काय करायचं?

खमंग_नाशिक

फ्रेश क्रीम फेटून फुगत नाही ताई, त्यात फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असतं, फुगायला तीसच्या वर लागतं. व्हिपिंग क्रीम आणा, शंभर-सव्वाशे मिली पुरे, गार भांड्यात फेटा. कस्टर्ड फ्रिजमधून काढून आधी ते एकटंच चमच्याने सारखं करून घ्या, फार फेटू नका, नाहीतर सैल पडतं, आणि मग क्रीम हलक्या हाताने खालून वर असं मिसळा. घट्टपणा थोडा कमी होतो म्हणून क्रीम घालणार असाल तर पावडर अर्धा चमचा वाढवा.

कापायचं म्हणाल तर रचल्यावर कापूच नका. शीट भाजून गार झाली की दातेरी ब्रेडच्या सुरीने, दाब न देता करवतीसारखी चालवत आधीच सारखे आयत करून ठेवा, साधारण दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब, प्रत्येक पेस्ट्रीला तीन. बारा जणांना छत्तीस तुकडे लागतील, चार-पाच तुटतील ते धरून जास्त करा. तुटलेल्याचा चुरा फेकू नका, कडांना लावायला कामी येतो. कस्टर्ड कोनमध्ये भरून ठिपके घाला, पसरवण्यापेक्षा ते सोपं जातं आणि वरचा तुकडा ठेवताना दाबावं लागत नाही. सगळ्यात वरचा तुकडा साखरेची चकाकी असलेला ठेवा, द्राक्ष चिकटायला त्यावर कस्टर्डचा एक थेंब बास.

पंचवटीच्या काकू

आणि ती ताटली जेवणाच्या टेबलावर आधीपासून मांडून ठेवू नकोस गं, पूजेच्या धुपाचा वास क्रीमला लगेच लागतो. आतल्या खोलीत रचायचं आणि तिथूनच एकेक वाढायची. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.