मसालेभात कर्नाटकातून आला म्हणणाऱ्यांसाठी

पंचवटीकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की मसालेभात म्हणजे कर्नाटकी वांगीभाताची नक्कल. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. कन्नडात शिजलेल्या भाताला 'अन्न' म्हणतात, जसं चित्रान्न, मोसरन्न (दहीभात). वांग्याला म्हणतात बदनेकायी. मग 'वांगीभात' या नावातले दोन्ही शब्द मराठी कसे? बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, तंजावरला १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत भोसले होते. माणसं गेली, चुली गेल्या, भातही गेला.

धारवाडची लेक: नावावरून मालकी ठरते का ताई? खाराभात, केसरीभात तर रव्याचे असतात! शब्द कुठेही फिरतो. माझं माहेर धारवाड, सतरा वर्षं नाशकात आहे. आई भात आधी मोकळा शिजवून परातीत गार करते, मग डाळी भाजून केलेली पूड घातलेल्या वांग्यात कालवते. तुमच्याकडे कच्चा तांदूळच फोडणीवर परततात, वर गोडा मसाला. कृतीच निराळी. कुणी कुणाचं उचललेलं नाही.

पंचवटीकर: कृती निराळी, हे मान्य करावंच लागेल. पण मग 'नक्कल' म्हणणाऱ्यानेही शब्द मागे घ्यावा.

घोटीकर: तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, नाशकातल्या लग्नात मसालेभात बासमतीचा का? आमच्या इगतपुरी तालुक्यात बांधाबांधावर इंद्रायणी तांदूळ आहे. पुतणीच्या लग्नात आचाऱ्याला घरचे दोन कट्टे दिले, त्याने परत पाठवले. म्हणे गिच्च होतो. भर पावसात चिखलात वाकून लावणी केलेला तांदूळ ओसरीवर पडून, अन् पंगतीत बाहेरचा. माझ्या भावाने त्या दिवशी भाताला हात लावला नाही.

पातेलेवाला: मी बावीस वर्षं आचारी आहे. पाचशे पानांच्या पातेल्यात नवा इंद्रायणी खालून लागतो, मधे गोळा होतो. तेव्हा पाहुणे शेतकऱ्याला नाही, मला शिव्या घालतात. घरच्या कुकरवरून आम्हाला शिकवू नका.

घोटीकर: नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे आचाऱ्याला सांगायचं? आजी तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवायची, दाणा पांढरा होऊन उलथन्याला खडखडेपर्यंत तुपावर परतायची, मगच आधणाचं पाणी. दाणा न् दाणा सुटा व्हायचा.

धारवाडची लेक: अहो, विषय उगमाचा होता!

पंचवटीकर: राहू द्या, हाही उगमच आहे. इंद्रायणी १९८७ ची, वडगाव मावळची, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ या भाताच्या जातींच्या संकरातली. म्हणजे आपल्या पणज्यांच्या मसालेभातात ती नव्हतीच दादा.

घोटीकर: नसेल. पण तिच्यात आंबेमोहराचं रक्त आहे. बासमतीत काय आहे?

पातेलेवाला: वास चांगला असतो इंद्रायणीला, नाही म्हणत नाही. वर्षभर जुना ठेवलेला कट्टा असेल तर आणा, एक पातेलं करतो. बिघडला तर मांडवात वाढायला तुम्ही उभं राहायचं.

घोटीकर: उभा राहीन. तोंडली अन् ओलं खोबरंही घेऊन येतो. गोडा मसाला ताईंनी द्यावा.

धारवाडची लेक: पूड मी देते. एक पातेलं आमच्या पद्धतीचंही होऊ द्या.