जुनी श्रीलिपी लॉकसकट घ्यावी का? लायसन्स आपल्या नावावर होतं का?

पत्रिकावाली_सांगली: नमस्कार मंडळी, माझं लग्नपत्रिका-बॅनरचं छोटं दुकान आहे. आमच्या गल्लीतले काका डीटीपी बंद करून मुलाकडे राहायला चाललेत. त्यांच्याकडे श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहे लॉकसकट (मशीनला जोडायची ती छोटी वस्तू, तिच्याशिवाय श्रीलिपी चालत नाही), कोरल एक्स-५ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचा डबा आणि विंडोज सेव्हनचा जुना पीसी. सगळ्याचे १८ हजार म्हणतात. माझं बजेट १२, वर एक रुपया नाही. असं लायसन्स विकता येतं का? नावावर कसं करायचं?

नाना_डीटीपी: डोळे झाकून घ्या. मी २००६ साली असंच सेकंडहँड लॉक घेतलं, अजून ठणठणीत आहे, दसऱ्याला हळदकुंकू वाहतो त्याला. ज्याच्या हातात लॉक त्याचं सॉफ्टवेअर, हाय काय नाय काय. आणि २५ पर्यंत गेलात तर चांगला पीसी येईल.

पत्रिकावाली_सांगली: नाना, १२ म्हटलंय हो मी.

खडूस_कारकून: नाना, हातात लॉक म्हणजे वापरता येतं, मालकी नव्हे. कंपनीच्या दप्तरी नाव काकांचंच राहणार, उद्या लॉक बिघडलं की काकांना शोधत फिरा. ताई, मूळ बिल मागून घ्या, एका कागदावर 'हे विकलं, माझ्याकडे कॉपी ठेवली नाही' असं लिहून सही घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी कंपनीला मेल टाकून विचारा की नाव बदलून देता का. आधी, नंतर नाही.

टॅली_गुरू: मी तर टॅली सिल्व्हर नवीनच घेतलं, २२,५०० अधिक जीएसटी, म्हणजे २६,५५०. मशीन बदललं की लायसन्स सरेंडर करायचं आणि दुसरीकडे चालू करायचं. सेकंडहँडच्या भानगडीत पडतच नाही मी.

आगाऊ_पोरगा: त्या पत्रिका छापतात, हिशेब नाही लिहीत 😂 आणि श्रीलिपी कशाला २०व्या शतकातली? युनिकोड वापरा, सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत, फुकट आहे.

नाना_डीटीपी: जुन्या कोरलमध्ये युनिकोडची जोडाक्षरं फुटतात बाळा. 'श्री'चा 'श् री' झाला तर पार्टी पत्रिका तोंडावर मारते. आधी एक पत्रिका लावून बघ मग बोल.

म्युनिकचा_मन्या: आमच्याकडे युरोपात बिनधास्त विकता येतं. ३ जुलै २०१२ ला युरोपियन कोर्टाने ओरॅकल विरुद्ध यूजडसॉफ्ट मध्ये सांगितलं की कायमचं लायसन्स पैसे घेऊन दिलं की पुढची विक्री कंपनी अडवू शकत नाही, डाऊनलोड केलेलं असलं तरी. अट एवढीच, विकणाऱ्याने आपली कॉपी बंद करायची. आणि २५ जणांचं लायसन्स असेल तर त्यातलं थोडं तोडून विकायचं नाही.

खडूस_कारकून: सांगलीला युरोपचं कोर्ट लागू नाही. आणि अमेरिकेत नेमकं उलट झालं, २०१० मध्ये ईबेवर जुनं ऑटोकॅड विकणारा अपिलात हरला, कारण करारात 'विक्री नाही, परवाना' लिहिलेलं. त्यामुळे कोरलच्या डब्यातला तो करार वाचा आधी, कुणी वाचत नाही.

टॅली_गुरू: हेच म्हणत होतो मी, मूळ बिल घ्या.

पुन्हा_फसलो: ऑनलाईन स्वस्तातल्या 'की'च्या (सॉफ्टवेअर चालू करायच्या कोडच्या) नादाला लागू नका. मी ४९९ ला विंडोज की घेतली, तीन महिन्यांनी ॲक्टिव्हेशन उडालं, विकणारा गायब. नंतर कळलं ती कुठल्यातरी ऑफिसच्या व्हॉल्यूम लायसन्सची, म्हणजे एकगठ्ठा मशीनसाठी घेतलेल्या परवान्याची होती. काकांच्या पीसीवर सीएमडी (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'एसएलएमजीआर', स्पेस, स्लॅश 'डीएलआय' टाका. 'ओईएम' आलं तर ते विंडोज त्याच पीसीला बांधलेलं, पीसीसकटच मिळतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. 'रिटेल' आलं तर नेता येतं.

आगाऊ_पोरगा: विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला. पीसीचा डबा भंगारात, फक्त लॉक घ्या.

नाना_डीटीपी: हे मात्र बरोबर बोलला. डबा नको.

खडूस_कारकून: +१. फक्त लॉक आणि बिल.

पत्रिकावाली_सांगली: आज जाऊन आले. लॉक यूएसबीचं नाहीच, मागे प्रिंटरच्या त्या गुलाबी २५ पिनांच्या पोर्टला दोन स्क्रूने आवळलेलं आहे, आणि माझ्या लॅपटॉपला ते भोकच नाही. आज्ञा टाकली तर ओईएम आलं, कॅबिनेटवर स्टिकरपण आहे. मग डबाच घेतला, सगळ्यासकट, नेट जोडणार नाही, फाईल पेनड्राईव्हने नेईन. लॉकचं बिल मिळालं, २००९ चं, कागदावर सहीपण. कंपनीला मेल काल टाकला होता, उत्तर आलं नाही, पण काका उद्या निघतात म्हणून थांबता आलं नाही.

खडूस_कारकून: आधी म्हटलं होतं ना! बरं, कितीला?

पत्रिकावाली_सांगली: साडेबारा. पाचशे काकूंनी मागितले, यूपीएसचे.

टॅली_गुरू: यूपीएसची बॅटरी चेक केली का?