ग्वाल्हेरच्या शाळांची मैदानं – सल्ला हवा

नमस्कार मंडळी,
एप्रिलमध्ये आम्ही सिंगापूर सोडून ग्वाल्हेरला परत येतोय. मुलगी सहावीत जाईल. पाच शाळांचा तक्ता केलाय: तरणतलाव, टर्फ, टेनिस. दोन शाळांत तिन्ही आहे, पण फी ऐकूनच घाम फुटला. तिकडचं कुणी सांगेल का?
– लष्करची लेक

अगं लेकी,
तक्ता सुरेख, पण एक रकाना राहिला: पीटीचा तास खरंच होतो का? मी जिथे पस्तीस वर्षं शिट्टी वाजवली तिथे मैदान ऐसपैस होतं. दिवाळी झाली की नववी-दहावीचा पीटीचा तास गणिताच्या पोटात जायचा, आणि मैदानावर शेजारच्यांच्या म्हशी चरायच्या.

तरणतलावाचं पाणी गरम करतात का, ते विचार. आपल्याकडच्या डिसेंबरात गार पाण्यात कोण उतरणार?

बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटर लागतात, खो-खोला २७ बाय १६. म्हणजे जागा जवळपास तेवढीच. पण शाळेतल्या बास्केटबॉलमध्ये चेंडू दोघींच्याच हातात फिरतो, बाकीच्या वेणी सारखी करत उभ्या. खो-खोत बसलेली पोरगीसुद्धा कधी पाठीवर थाप पडेल म्हणून सावध असते. खर्च काय, तर दोन खांब नि चुना! मल्लखांबाला त्याहून कमी जागा. मध्य प्रदेश सरकारने २०१३ मध्ये त्याला राज्यखेळ केलं. तुझ्या पाचांपैकी किती शाळांत खांब आहे?

आणि शिकवतं कोण? रेसकोर्स रोडवरचं एलएनआयपीई, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज, १९५७ मध्ये, सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने निघालं. राणी पडली ती याच गावात. तिथे शिकलेली मुलं देशभर पीटी शिकवतात, अन् गावातल्याच एखाद्या शाळेत शिट्टी कॉम्प्युटरच्या मॅडमच्या गळ्यात! म्हणून पीटी सरांची पदवी विचार, आणि पावसाळ्यात मुलांना काय खेळवता तेही. दुसऱ्या प्रश्नाला फोनवरचा माणूस अडखळला तर तुझा टर्फचा रकाना खोडून टाक.

हॉकीची हौस असेल तर गावातच कंपू भागात राज्याची महिला हॉकी अकादमी आहे, पण ते पुढचं.
– शिट्टीवाले काका

काका,
दोन शाळांना फोन केला. पहिलीत पीटी सर परीक्षेच्या ड्युटीवर. दुसरीतल्या बाई हसल्या, म्हणाल्या, ‘मल्लखंब? वो तो स्टोर में पड़ा है.’ शनिवारी आई बघायला जातेय. खांबाला चोळायला एरंडेलाची बाटली घेऊन जाते म्हणाली.